सापडले किती, आणि राहिले किती?

मे २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी एका लहानशा कुत्र्याला पदक दिले. जॅक रसेल टेरिअर जातीच्या या कुत्र्याचे नाव पात्रोन, म्हणजे काडतूस. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने आक्रमण केल्यापासून त्याने दोनशेहून अधिक स्फोटक वस्तू शोधल्या, असे बातम्यांत म्हटले होते. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्रिटनमधील पीडीएसए या प्राणिसेवी संस्थेने मगावा नावाच्या उंदराला सुवर्णपदक दिले होते. गालात पिशव्या असलेल्या मोठ्या आफ्रिकी जातीच्या या उंदराने तोवर कंबोडियात ३९ भूसुरुंग आणि २८ न फुटलेली स्फोटके शोधली होती. आपल्याकडच्या वाचकांना मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात या लॅब्रेडॉर कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, असे सांगितले जाते. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

अशा गोष्टी मुलांना फार आवडतात. शिक्षकांनाही त्या सोयीच्या वाटतात, कारण प्राण्यांविषयी प्रेम, युद्धाविषयी तिटकारा आणि थोडे विज्ञान असे तिन्ही एकाच तासात साधते. आम्हालाही त्या आवडतात. पण एखादा पदार्थ नमुन्यात आहे की नाही हे तपासणे हेच आमचे रोजचे काम असल्यामुळे त्या वाचताना दर वेळी मनात एक प्रश्न येतो. याने शोधले किती, ते कळले. याच्या नाकाखालून सुटले किती?

हा दुसरा आकडा या गोष्टींमध्ये जवळजवळ कधीच नसतो. तो नसण्याने काय बिघडते, याविषयी हा लेख आहे. कुत्र्यांच्या कामाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्याविषयी ज्या पद्धतीने सांगितले आणि लिहिले जाते, तिच्यावर मात्र आमचा आक्षेप आहे.

शोधणे आणि खात्री देणे

आधी कामाचे स्वरूप नीट समजून घेऊ. झंजीरसारख्या पोलिसी कुत्र्याला विचारलेला प्रश्न असतो, ‘इथे स्फोटके आहेत का, आणि असली तर कुठे?’ त्याने काही दाखवले की त्याचे काम यशस्वी झाले. सुरुंगसफाईच्या कुत्र्यासमोरचा प्रश्न दिसायला तसाच असला तरी त्याच्या उत्तराचा उपयोग निराळा आहे. ज्या जमिनीवर कुत्र्याने काहीही दाखवले नाही, ती जमीन नंतर शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायची असते. तिथे नांगर चालणार, बाया सरपण गोळा करणार, मुले गुरे चारणार. कुत्रा जिथे बसला, त्या जागेचा धोका सर्वांना कळतो आणि माणसे सावधपणे खणून सुरुंग काढतात. कुत्रा जिथून न बसता पुढे गेला, ती जागा निर्धास्त मानली जाते. म्हणजे लोकांचा जीव अवलंबून असतो तो कुत्र्याच्या ‘नाही’ वर.

हा धोका किती मोठा आहे, याची कल्पना एका आकड्याने येईल. ‘लँडमाइन मॉनिटर’ या वार्षिक अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भूसुरुंग आणि युद्धात मागे राहिलेल्या स्फोटकांमुळे जगभरात ५,७५७ माणसे मेली किंवा जखमी झाली. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ८४ टक्के साधे नागरिक होते. भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ साली झाला आणि १ मार्च १९९९ पासून लागू झाला. परंतु जमिनीत आधीच पेरलेले सुरुंग करारावर सही झाली म्हणून निकामी होत नाहीत. ते एकेक करून शोधावेच लागतात.

मुलांनी पाठवलेले कुत्रे

अमेरिकेतील मार्शल लेगसी इन्स्टिट्यूट या संस्थेने ‘चिल्ड्रेन अगेन्स्ट माइन्स प्रोग्रॅम’ नावाचा एक उपक्रम चालवला. त्यात शाळांतील मुले पैसे जमवीत. एक प्रशिक्षित कुत्रा सुरुंगग्रस्त देशात पाठवायचा खर्च सुमारे वीस हजार डॉलर सांगितला जाई. पुरेसा निधी जमला की त्या शाळेच्या किंवा त्या भागाच्या नावाने कुत्रा पाठवला जाई. पुष्कळदा त्याचे नावही मुलेच ठेवीत. इतर संस्थांनीही अशा दत्तक योजना चालवल्या आहेत. पैसे देणाऱ्याला कुत्र्याचे छायाचित्र मिळते, त्याची खुशाली कळते, आणि त्याने किती सुरुंग शोधले तेही कळते.

या उपक्रमांना हसण्यासारखे त्यात काही नाही. दूरच्या देशातील अनोळखी मुलाचा पाय वाचावा म्हणून दहा-बारा वर्षांची मुले पैसे जमवतात, ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय सुरुंगसफाईला पैसा नेहमीच अपुरा पडतो. आमचा आक्षेप एवढाच, की मुलांना दिली जाणारी माहिती अर्धी असते. ज्या मुलांनी कुत्र्यासाठी पैसे जमवले, त्यांना त्याची परीक्षा कशी झाली, ती कोणी घेतली, त्यात तो किती वेळा चुकला आणि त्याच्या मागून त्याच जमिनीची तपासणी कोणी केली, हे विचारण्याचा हक्क आहे. ते प्रश्न मुलांना सुचत नाहीत, कारण गोष्टीतच त्यांना जागा ठेवलेली नसते. ती जागा शिक्षकाने निर्माण करायची आहे.

कुत्राच कशासाठी?

‘धातुशोधक यंत्र असताना कुत्रा कशाला?’ हा प्रश्न वर्गात नक्की येईल, आणि त्याचे उत्तर कुत्र्याच्या बाजूचे आहे. युद्ध होऊन गेलेली जमीन लोखंडाने भरलेली असते. गोळ्यांची टरफले, बॉम्बचे तुकडे, खिळे, तारा, डब्यांची झाकणे, सगळ्यांवर यंत्र सारखेच वाजते. १९९२ ते १९९८ या काळात कंबोडियात सुरुंग काढणाऱ्यांनी सुमारे २० कोटी वस्तू खणून काढल्या. त्यांपैकी भूसुरुंग किंवा इतर स्फोटके होती केवळ ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. उरलेल्या ९९७ वेळा माणूस जमिनीवर ओणवा होऊन, सळईने हळूहळू माती टोचत भंगार काढत होता. दुसरीकडे अनेक आधुनिक सुरुंगांचे कवच प्लॅस्टिकचे असते आणि धातू नावापुरता. यंत्राची संवेदनशीलता वाढवावी तर भंगाराचे इशारे वाढतात, कमी करावी तर प्लॅस्टिकचा सुरुंग निसटतो.

कुत्र्याला लोखंडाशी देणेघेणे नसते. तो स्फोटकाच्या वासाकडे जातो. त्यामुळे ज्या जमिनीत भंगार पुष्कळ आणि सुरुंग थोडे, तिथे तो मोठी जमीन लवकर पाहून होतो. अफगाणिस्तानात १९८९ पासून कुत्र्यांची पथके काम करू लागली ती याच कारणाने. बोस्नियात साराजेव्होजवळ नॉर्वेच्या ‘नॉर्वेजियन पीपल्स एड’ या संस्थेने २००४ पासून अशा कुत्र्यांचे प्रशिक्षण केंद्र चालवले आहे.

नाकापर्यंत काय पोहोचते?

कुत्र्याला सुरुंगाचा वास येतो, एवढे म्हणून थांबलो तर विज्ञान सुरू होण्याआधीच संपते. वास म्हणजे रेणू. ते रेणू सुरुंगातून निघून मातीतून वर यावे लागतात.

सोव्हिएत बनावटीच्या पीएमएन या सुरुंगात सुमारे २४० ग्रॅम टीएनटी असते. टीएनटी हा घन पदार्थ फारच थोडा बाष्परूप होतो. २५ अंश सेल्सियस तापमानाला, बंद भांड्यात, हवेच्या एका अब्ज भागांत त्याचे दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भाग असतात. एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे. त्या ३२ वर्षांतले दहा सेकंद ओळखायचे, असे हे काम आहे. आणि हे बंद भांड्यातले प्रमाण झाले. जमिनीच्या वर मोकळ्या हवेत ते याहून कितीतरी कमी असते. टीएनटी तयार करताना त्यात डीएनटी नावाचे संयुग अशुद्धी म्हणून राहते. त्याचा बाष्पदाब टीएनटीच्या कित्येक पट अधिक असल्यामुळे सुरुंगाच्या वासात त्याचा वाटा मोठा असतो. कवचाच्या प्लॅस्टिकचा आणि रबराचा वासही त्यात मिसळतो.

आता माती. कोरड्या मातीच्या कणांना हे रेणू घट्ट चिकटून बसतात आणि वर येतच नाहीत. मातीला थोडा ओलावा मिळाला की पाण्याचे रेणू कणांवरच्या जागा पटकावतात आणि स्फोटकाचे रेणू मोकळे होतात. परंतु पाणी फार झाले तर मातीतील पोकळ्या भरून जातात आणि वर येण्याची वाट बंद होते. शिवाय पाण्याबरोबर रेणू बाजूला सरकतात, त्यामुळे वास सुरुंगाच्या अगदी डोक्यावर न येता थोडा दूर येऊ शकतो. वारा, ऊन, गवत, सुरुंगाची खोली आणि तो पुरून किती काळ झाला, या सर्वांचा त्यावर परिणाम होतो.

म्हणजे तोच कुत्रा, तेच शेत आणि तोच सुरुंग असताना आज उत्तर ‘आहे’ आणि चार दिवसांनी ‘नाही’ येऊ शकते. यात कुत्र्याचा दोष नाही. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात पदार्थ आढळला नाही तर आम्ही अहवालात ‘नाही’ असे लिहीत नाही. ‘शोधमर्यादेच्या खाली’ असे लिहितो आणि ती मर्यादा किती हेही देतो. कुत्र्याच्या नाकालाही शोधमर्यादा आहे, आणि ती हवामानानुसार बदलते. लोकप्रिय गोष्टींमध्ये मात्र कुत्र्याचे नाक कधी न चुकणारे असते.

कुत्रा नेमके काय शिकतो?

प्रशिक्षणाची मूळ पद्धत सोपी आहे. ठरावीक वास आला की बसायचे, बसले की आवडता चेंडू मिळतो. पण कुत्रा आपण शिकवतो तेच शिकतो, असे समजणे घाईचे होईल. चेंडू मिळवून देणारी कोणतीही खूण तो पकडतो.

समजा, सरावासाठी आपण कालच एका शेतात दहा सुरुंग पुरले. तिथली माती नुकती उकरलेली आहे. पुरणाऱ्याच्या हाताचा आणि बुटांचा वास तिथे आहे. कुत्रा दहाही जागा बरोबर दाखवील. पण तो स्फोटक ओळखतो आहे की ताजी माती? वीस वर्षांपूर्वी पेरलेल्या सुरुंगावर ताजी माती नसते. म्हणूनच चांगल्या चाचणीसाठी सुरुंग बरेच महिने आधी पुरून ठेवतात आणि काही खड्डे खणून रिकामेच बुजवतात. ज्या खड्ड्यात काही नाही तिथेही कुत्रा बसला, तर तो भलतेच शिकला आहे हे कळते. रिकामा खड्डा पुरलेल्या सुरुंगाइतकाच महत्त्वाचा असतो, ही गोष्ट प्रयोगशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मुलांच्या लवकर लक्षात येईल.

दुसरी खूण माणसाची. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. बरोबर आकड्याशी आले की विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या मानेची किंचित हालचाल होई आणि घोडा टापा आपटणे थांबवी. यात कोणी कोणाला फसवत नव्हते.

कुत्र्यांबाबत असाच एक प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला. अमली पदार्थ किंवा स्फोटके शोधणारे १८ कुत्रे आणि त्यांचे हँडलर त्यात होते. एका चर्चच्या खोल्यांमध्ये त्यांना शोध घ्यायला लावले. तिथे शोधण्याजोगा एकही पदार्थ ठेवलेला नव्हता. काही ठिकाणी कागदाची खूण लावून हँडलरना मात्र सांगितले होते, की ही खूण म्हणजे तिथे पदार्थ आहे. एकूण १४४ शोधांपैकी अवघ्या २१ शोधांत कोणताही इशारा नोंदला गेला नाही. उरलेल्यांत मिळून २२५ खोटे इशारे नोंदले गेले, आणि खूण लावलेल्या जागी ते अधिक होते. हे पोलिसी कामाचे कुत्रे होते, सुरुंगाचे नव्हेत. शिवाय कुत्र्याने खरोखर इशारा केला की हँडलरला तसे वाटले, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. शेतात काम करणारे उपकरण म्हणजे एकटा कुत्रा नसून कुत्रा आणि माणूस अशी जोडी आहे. परीक्षाही जोडीचीच व्हायला हवी, आणि परीक्षेच्या वेळी सुरुंग कुठे आहेत हे जोडीबरोबर असणाऱ्या कोणालाही ठाऊक असता कामा नये.

वीसपैकी वीस

आता थोडे गणित. आठवी-नववीच्या मुलांना ते जमेल.

एका कुत्र्याने चाचणीत २० पैकी २० सुरुंग शोधले. शंभर टक्के गुण! याचा अर्थ तो कधीच चुकत नाही असा होतो का? दहात एकदा चुकणारा कुत्रा घेऊ. तो एक सुरुंग शोधील याची संभाव्यता ०.९. सलग वीस शोधील याची संभाव्यता ०.९ ला ०.९ ने वीसदा घेऊन गुणले की मिळते. उत्तर येते सुमारे ०.१२. म्हणजे दहात एक सुरुंग सोडणारे शंभर कुत्रे परीक्षेला बसवले, तर त्यांतले बाराएक पूर्ण गुण घेऊन बाहेर पडतील. वीसात एक सोडणारा कुत्रा असेल तर ही संभाव्यता ०.३६ होते. वीस सुरुंगांची परीक्षा एवढाच भेद करू शकते.

१९९७ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत सुरुंगसफाईसाठी ९९.६ टक्क्यांचे प्रमाण दिलेले होते. पुढच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी ही टक्केवारी सोडून ठरवलेल्या खोलीपर्यंतचा प्रत्येक सुरुंग निघाला पाहिजे असे म्हटले. तरी उदाहरण म्हणून तो आकडा घेऊ. हजारात चारच सुटतात हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर कुत्र्याने एकही न चुकता जवळजवळ ७५० सुरुंग शोधून दाखवायला हवेत. (यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: ३ ला चुकीच्या प्रमाणाने भागा. ३ भागिले ०.००४ म्हणजे ७५०.) महिनोन्‌महिने आधी पुरलेले ७५० सुरुंग प्रत्येक कुत्र्यासाठी कुठून आणायचे? अर्थात ते होत नाही. म्हणून एकट्या कुत्र्याच्या भरवशावर कोणतेच शेत सुरक्षित म्हणता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे त्याच जमिनीवरून दुसरा कुत्रा नेणे. प्रत्येकजण दहात एकदा चुकत असेल, तर दोघेही एकाच सुरुंगावर चुकण्याची संभाव्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे शंभरात एक. हे उत्तर फळ्यावर फार छान दिसते. पण हा गुणाकार केव्हा चालतो? दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. पहिल्या कुत्र्याचे लक्ष उडाले म्हणून तो चुकला असेल, तर दुसरा ती चूक भरून काढील. पण माती कोरडीठाक असल्यामुळे वास वर आलाच नसेल, तर दुसराच काय, दहावा कुत्राही तिथून शांतपणे निघून जाईल. दहा कुत्र्यांचे ‘नाही’ मिळाले म्हणून खात्री दहापट वाढली असे तेव्हा म्हणता येत नाही. वर्गात नाणी आणि फासे टाकून शिकवलेली स्वतंत्र घटनांची कल्पना इथे एखाद्याच्या पायाशी येऊन भिडते.

गोष्टीत न आलेली माणसे

या अडचणी सुरुंगसफाई करणाऱ्यांना ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. उलट त्यांनीच त्या शोधल्या आणि त्यांवर नियम बसवले. १९९८ साली जिनिव्हा येथे मानवतावादी सुरुंगसफाईसाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. सुरुंग शोधणाऱ्या कुत्र्यांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष काम आणि वासाचे विज्ञान या विषयांवर त्याने २००३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांच्या मानकांत कुत्र्यांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. एकाच जमिनीवरून किमान दोन कुत्रे न्यायचे, जोडीची परीक्षा कामाच्या जागेसारख्या जमिनीवर घ्यायची, ती ठरावीक काळाने पुन्हा घ्यायची, हवामानाच्या मर्यादा पाळायच्या, असे त्यांचे स्वरूप आहे. कुत्रा बसला की त्या जागेभोवतीची जमीन माणूस यंत्राने आणि सळईने तपासतो. काम झाल्यावर तपासलेल्या जमिनीचा काही भाग दुसरे पथक पुन्हा पाहते.

आणखी एक अडचण अशी, की पुष्कळशा जमिनीत सुरुंग नसतातच. कुत्रा दिवसेंदिवस चालतो आणि काही सापडत नाही, म्हणून चेंडूही मिळत नाही. त्याचा उत्साह ओसरू लागतो. परीक्षेला बसलेल्या कुत्र्याचे नाक आणि कंटाळलेल्या कुत्र्याचे नाक यांत फरक पडतो. मग त्याला अधूनमधून सरावाच्या जागेवर नेऊन, माहीत असलेल्या सुरुंगावर बसवून, चेंडू द्यावा लागतो.

ही सगळी व्यवस्था, तिच्यातल्या नोंदवह्या, रिकामे खड्डे, दुसरे पथक, ओणवे होऊन माती टोचणारी स्थानिक माणसे, हे शूर कुत्र्याच्या गोष्टीत येत नाही. पदक एकालाच मिळते आणि छायाचित्रही त्याचेच छापून येते. विज्ञानाच्या इतर गोष्टी सांगतानाही आपण हेच करतो. एक प्रतिभावंत, एक क्षण, एक शोध. चूक पकडण्यासाठी उभारलेली यंत्रणा कंटाळवाणी म्हणून गाळून टाकतो, आणि विश्वास तर तिच्यामुळेच ठेवता येतो.

पात्रोनबद्दल इथे एक चांगला शब्द लिहिलाच पाहिजे. अनोळखी वस्तूला हात लावू नका, हे युक्रेनच्या मुलांना समजावण्यासाठी त्याचा उपयोग केला गेला आणि २०२२ मध्ये युनिसेफने त्याला सदिच्छा-श्वान म्हणून निवडले. त्याच्या प्रसिद्धीचा हा उपयोग आम्हाला पदकापेक्षा मोलाचा वाटतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

सारख्या आकाराच्या झाकणाच्या वीस डब्या घ्या. सर्वांत कापसाचा बोळा ठेवा. सातआठ डब्यांतील बोळ्यांना किंचित हिंग लावा. उरलेल्या डब्याही तितक्याच वेळा उघडा, हाताळा, बंद करा. डब्यांना क्रमांक द्या आणि कोणत्या डबीत हिंग आहे त्याची यादी एकाच मुलाकडे ठेवून त्याला वर्गाबाहेर पाठवा. आता एकेका मुलाने डोळे मिटून वास घेऊन ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगावे. सर्दी किंवा दमा असलेल्या मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्या.

नोंदीसाठी चार घरांचा तक्ता करा: हिंग होता आणि ओळखला, हिंग होता आणि सुटला, नव्हता आणि ‘आहे’ म्हटले, नव्हता आणि ‘नाही’ म्हटले. पहिले घर मोठे दिसले की मुले टाळ्या वाजवतील. त्यांना दुसऱ्या घराकडे पाहायला सांगा. मग हाच प्रयोग, यादी माहीत असलेल्या मुलाला समोर उभे करून पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते शेजारी मांडा. शेवटी हिंग लावलेले बोळे दोन कुंड्यांत सारख्याच खोलीवर पुरा. एका कुंडीतील माती वाळवलेली, दुसरीतील ओलसर ठेवा. हिंगाचे रेणू वेगळे आहेत, त्यामुळे निष्कर्ष सुरुंगाला जसाच्या तसा लागू होणार नाही. काय दिसते ते मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.

एका आक्षेपाला उत्तर

असा काटेकोरपणा शिकवला तर मुलांचा उत्साह मावळेल आणि मदत आटेल, असे कोणी म्हणेल. आमचा अनुभव वेगळा आहे. मुलांना खरे सांगितले की त्यांचे प्रश्न वाढतात. मदत तर वाढायला हवी, पण ती कुत्र्याइतकीच त्याच्या परीक्षेलाही मिळायला हवी. रिकाम्या खड्ड्याला कोणी दत्तक घेत नाही. दुसऱ्या पथकाचा पगार कोणाच्या नावावर लागत नाही. या खर्चाला पैसे देणारा मिळाला नाही तर तो टाळला जाण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत शेतकरी भरतो.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही. डिसेंबर २००१ नंतर ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात पश्चिम सीमेवरील शेतजमिनींत सुरुंग पेरले गेले आणि नंतर ते काढून जमिनी परत द्याव्या लागल्या. आपल्या गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने पोलिसांच्या शीघ्र कृती पथकातील १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा बळी घेतला. रस्ता ‘मोकळा’ आहे असे कोणीतरी कोणाला सांगते आणि त्या शब्दावर माणसे पाऊल टाकतात.

तेव्हा अशी एखादी गोष्ट यापुढे वर्गात वाचाल, तेव्हा ती जरूर वाचा. कुत्र्याचे कौतुक होऊ द्या. त्यानंतर फळ्यावर एवढेच प्रश्न लिहा. याची परीक्षा कोणी घेतली? परीक्षेत किती सुटले? रिकामे खड्डे होते का? त्या दिवशी माती कशी होती? याच्या मागून कोण आले? उत्तरे बातमीत सापडणार नाहीत. मुलांना त्या संस्थांना पत्र लिहून विचारू द्या.